ध्वनीचे प्रकरण बागेत शिकवा

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला परीक्षक म्हणून बसलो की तोंडी परीक्षेत मी दोन प्रश्न हटकून विचारतो. पहिला प्रश्न, "हवेत ध्वनीचा वेग किती?" उत्तर तत्काळ येते. "सेकंदाला ३४० मीटर, सर." दुसरा प्रश्न, "आत्ता या खोलीत तुला कोणकोणते आवाज ऐकू येत आहेत?" येथे विद्यार्थी गोंधळतो. माझ्याकडे पाहतो, टेबलावरच्या नादकाट्याकडे पाहतो आणि शेवटी म्हणतो, "कोणताच नाही, सर." त्या वेळी डोक्यावर पंखा खडखडत असतो, कोपऱ्यातला नळ ठिबकत असतो, खिडकीबाहेर कावळा ओरडत असतो आणि रस्त्यावर कोणी तरी रिक्षा सुरू करण्याची खटपट करीत असतो. मी त्याचे गुण कापत नाही. दोष त्याचा नाही, आमचा आहे.

विद्यार्थिमित्रहो, ध्वनी हा विषय आपण डोळ्यांनी शिकतो. फळ्यावर तरंगाची आकृती, खाली व्याख्या, त्याखाली सूत्र आणि मग पाच उदाहरणे. प्रकाशाचे प्रकरण शिकताना निदान आरसा आणि भिंग तरी हाती येते. ध्वनीच्या प्रकरणात कानाचे काम शिक्षकांचे बोलणे ऐकण्यापुरतेच उरते. माझे स्पष्ट मत असे आहे की, या प्रकरणाचे निदान दोन तास शाळेजवळच्या सार्वजनिक बागेत घ्यावेत. सहल म्हणून नव्हे, प्रयोगशाळा म्हणून. बागेत लागणारी उपकरणे प्रत्येक विद्यार्थी घरून घेऊनच येतो. शिवाय एक घड्याळ आणि कागद-पेन्सिल पुरे.

पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावरचे संभाजी उद्यान उदाहरणादाखल घ्या. एका अंगाला रहदारीचा रस्ता, दुसऱ्या अंगाला मुठा नदीचे पात्र आणि त्या बाजूने जाणारी मेट्रो. शांत जागा म्हणून हिचे नाव कोणी घेणार नाही. आणि म्हणूनच ती आपल्या कामाची. सकाळी बाकावर बसा, कागदाच्या मध्यभागी एक टिंब काढा, ते टिंब म्हणजे तुम्ही. आता डोळे मिटून दहा मिनिटे ऐका आणि ऐकू येणारा प्रत्येक आवाज, ज्या दिशेने आणि जितक्या अंतरावरून येतो असे वाटते तेथे, कागदावर मांडा. पहिली दोन मिनिटे फक्त हॉर्न ऐकू येतात. मग हळूहळू हॉर्नच्या मागचे आवाज पुढे येऊ लागतात: फिरायला आलेल्यांच्या चपला, खराट्याचा सपकारा, खारीची चिरचिर, साळुंक्यांचे भांडण, झोपाळ्याची कुरकुर. आवाज आधीही होतेच. कानाने ते घेतलेही होते, मेंदूने बाजूला टाकले होते.

झोपाळ्यापासून सुरुवात करू, कारण त्यात गणित आहे आणि गणित सोपे आहे. झोपाळ्याच्या कड्या कोरड्या असल्या की जाताना एक आणि येताना एक असे दोन वेगळे आवाज येतात. कडी आधी चिकटते, मग ताण वाढला की सटकते, पुन्हा चिकटते. हे सेकंदात शेकडो वेळा घडते आणि आपल्याला कुईं असे ऐकू येते. सारंगीच्या तारेवर गज फिरतो तेव्हा नेमके हेच घडते, आणि फळ्यावर खडू किंचाळतो तेव्हाही हेच. एका कुईंपासून पुढच्या तशाच कुईंपर्यंतचा काळ म्हणजे दोलनकाल. समजा, दहा झोक्यांना ३० सेकंद लागले, तर दोलनकाल ३ सेकंद. दोलकाच्या सूत्रातून लांबी काढा. g ची किंमत ९.८ आणि π चा वर्ग ९.८७, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखेच; तेव्हा काळाचा वर्ग करून चाराने भागले की लांबी मीटरमध्ये मिळते. नऊ भागिले चार, म्हणजे सव्वादोन मीटर. आढ्यापासून मुलाच्या गुरुत्वमध्यापर्यंतचे अंतर तुम्ही डोळे मिटून मोजलेत! तेच मूल उभे राहून झोके घेऊ लागले की गुरुत्वमध्य फूटभर वर सरकतो आणि दहा झोक्यांना सुमारे दोन सेकंद कमी लागतात. म्हणजे बसले आहे की उभे, हेही न पाहता सांगता येते. झोके फार उंच जात असतील तर काळ थोडा वाढतो, चाळीस अंशांच्या झोक्याला सुमारे तीन टक्के. तेवढी सूट ठेवा. (मात्र माळीबुवांनी कड्यांना तेल घातले की आपला प्रयोग संपला.)

आता जरा अवघड प्रश्न. आवाज कोणत्या दिशेने आला हे तुम्हाला कसे कळते? दोन कानांत साधारण २० सेंटिमीटर अंतर आहे. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला सुमारे ०.६ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. समोरच्या बाजूला थोडासाच कललेला आवाज असेल तर हा फरक याहून पुष्कळ कमी. आणि तरीही सुमारे १० मायक्रोसेकंदांपर्यंतचा फरक मेंदू ओळखू शकतो. तुमच्या प्रयोगशाळेतील थांबघड्याळ याच्या जवळपासही जात नाही. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये दाखवून दिले की, खालच्या स्वरांसाठी आपण हा कालभेद वापरतो, तर वरच्या स्वरांसाठी डोक्याची 'सावली' वापरतो. वरच्या स्वरांची तरंगलांबी डोक्यापेक्षा लहान, त्यामुळे पलीकडच्या कानाला आवाज हलका लागतो. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात दोन्ही युक्त्या लंगड्या पडतात. स्टीव्हन्स आणि न्यूमन या दोघांनी हार्वर्ड विद्यापीठात, प्रतिध्वनी टाळण्यासाठी माणसाला इमारतीच्या गच्चीवर उंच खुर्चीत बसवून, याची परीक्षा केली. १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत सर्वाधिक चुका ३००० हर्ट्झच्या आसपास आढळल्या.

तुम्हाला खुर्ची गच्चीवर न्यायला नको. एकाने डोळे मिटून बसावे. दुसऱ्याने कोणत्याही बाजूला जाऊन एकदा किल्ल्यांचा जुडगा वाजवावा आणि एकदा तोंडाने एकसुरी शीळ घालावी. बसलेल्याने बोट दाखवावे. जुडग्याच्या आवाजात असंख्य वारंवारता असतात आणि तो एकदम सुरू होतो. बोट बिनचूक जाते. शिळेत जवळजवळ एकच वारंवारता; बोट भलतीकडे जाते. आता कावळा आणि कोकीळ आठवा. कावळा कोणत्या फांदीवर आहे हे लगेच सांगता येते. कोकिळाचा मात्र तासभर शोध घेतला तरी तो सापडत नाही, याचे एक कारण त्याचा स्वच्छ, चढत जाणारा स्वर हे आहे. (गाणारा नर असतो, मादी नव्हे, कवींनी काहीही म्हटले तरी.)

तांबट पक्षी तर याहून वस्ताद. पुण्याच्या तांबट आळीत भांड्यावर पडणाऱ्या ठोक्यांसारखा टुक्-टुक् असा त्याचा आवाज, मिनिटाला साधारण ११० ते १२०. घड्याळ लावून मोजून पाहा, लय बहुधा चुकत नाही. चोच बंद ठेवून तो गळ्याची कातडी फुगवतो आणि मान हलवत राहतो. त्यामुळे पक्षी एकाच फांदीवर असूनही आवाज कधी या झाडावरून तर कधी त्या झाडावरून आल्यासारखा वाटतो. पक्ष्याचा आवाज ऐकवला की नाव सांगणारी साधने आता मोबाईलमध्ये आहेत. ती उत्तम आहेत. पण माझी विनंती अशी की, आधी ठोके मोजा, दिशा ओळखा, आवाज तोंडाने काढून पाहा आणि मगच यंत्राला नाव विचारा. नाव आधी कळले की ऐकणे बंद पडते असा माझा अनुभव आहे.

बागेच्या सुरूच्या झाडाखाली कधी बसला आहात? कोकणात गेलेल्यांना त्याचा सूंऽऽ असा आवाज परिचयाचा असेल. बारीक काडीभोवतून वारा वाहतो तेव्हा काडीच्या मागे आळीपाळीने भोवरे सुटतात आणि त्यांचा सूर निघतो. स्ट्राउहाल या चेक शास्त्रज्ञाने १८७८ मध्ये तारांवर प्रयोग करून याचा नियम काढला: वाऱ्याचा वेग भागिले काडीची जाडी, गुणिले सुमारे ०.२. सुरूची काडी पाऊण मिलिमीटर जाडीची आणि वारा सेकंदाला ३ मीटर धरला तर ८०० हर्ट्झ येतात. वारा दुप्पट झाला की सूरही दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. पिंपळाची सळसळ वेगळी. तेथे पाने एकमेकांवर आपटतात, त्यात सूर नसतो, नुसती खसखस असते. दोन्ही झाडांचा वारा एकच, पण एक वाजते आणि दुसरे टाळ्या पिटते, असे म्हणायला हरकत नाही.

येथे मला एका प्रचलित समजुतीवर बोलायचे आहे. पर्यावरणाच्या प्रकल्पवहीत "झाडे ध्वनी शोषून घेतात" हे वाक्य मी शेकडो वेळा वाचले आहे. रस्त्याच्या कडेला मेंदीचे कुंपण लावले की आवाज थांबला, अशी त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात एकदोन मीटर जाडीच्या कुंपणाने रहदारीचा आवाज जवळजवळ काहीच कमी होत नाही. थोडेसे डेसिबल कमी करायलाही दाट झाडीचा दहावीस मीटर रुंद पट्टा लागतो. भिंत मात्र काम करते, आणि कसे करते ते ऐकण्यासारखे आहे. फाटकाच्या मोकळ्या जागेतून चालत भिंतीच्या आड जा. हॉर्नचा कर्कशपणा एकदम बोथट होतो, बसची घरघर मात्र तशीच राहते. १०० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर, तो पुरुषभर उंचीच्या भिंतीवरून सहज वळून येतो. ३००० हर्ट्झची तरंगलांबी साडेअकरा सेंटिमीटर, तो फारसा वळत नाही. विवर्तनाचा धडा म्हणतात तो हाच. झाडे लावू नयेत असे मी म्हणत नाही. ती सावलीसाठी लावा, पक्ष्यांसाठी लावा. जे काम ती करीत नाहीत त्याचे श्रेय त्यांना देऊ नका.

रस्त्यापासून दूर गेल्यावरही रहदारी का पाठ सोडत नाही, याचेही उत्तर आहे. एकटा हॉर्न हा बिंदूसारखा उगम. अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने उतरतो. वाहता रस्ता मात्र रेषेसारखा उगम. अंतर दुप्पट झाले तरी उतार फक्त ३ डेसिबल. रस्त्यापासून १० मीटरवरून तुम्ही ८० मीटरवर गेलात, तर हॉर्न १८ डेसिबलने उतरला आणि रहदारीची घरघर अवघी ९ ने. कानाला १० डेसिबलचा फरक साधारण निम्म्यासारखा वाटतो. म्हणजे आठपट दूर जाऊन तुम्ही ती जेमतेम अर्धी केलीत.

या घरघरीची किंमत कोण मोजते? नेदरलँड्समधील लायडेन शहरात स्लाबेकूर्न आणि पेट या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की, गोंगाटाच्या भागातील ग्रेट टिट पक्षी आपल्या गाण्यातील खालचे सूर टाळून वरच्या पट्टीत गातात. खालचे सूर रहदारीत बुडून जातात ना! पुढे २०२० साली टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते रिकामे झाले, तेव्हा तेथील एका चिमणीवर्गीय पक्ष्याने आवाज खाली आणला, आणि हळू गाऊनही त्याचे गाणे पूर्वीपेक्षा जास्त दूर पोहोचू लागले, असे दिसून आले. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आपल्याकडेही अनेकांनी "पक्षी वाढले" असे म्हटले. पक्षी वाढले नव्हते, त्यांच्यावरचे पांघरूण निघाले होते. तुमच्या बागेतला दयाळ सकाळी सहाला आणि नऊला एकाच पट्टीत गातो का? मोबाईलवर ध्वनिमुद्रण करून, वारंवारतेचा आलेख काढून, एखाद्या शाळेने वर्षभर याची नोंद ठेवली तर मी स्वतः ती पाहायला येईन.

आता थोडे कडू बोलतो. आमच्या घराजवळच्या एका बागेत खांबाखांबावर ध्वनिवर्धक बसवले गेले आणि सकाळी दोन तास त्यांतून बासरी वाजू लागली. हेतू चांगला होता. मी संबंधितांकडे अर्ज घेऊन गेलो. "आवाज मर्यादेतच आहे," असे मला सांगण्यात आले, आणि ते खरे होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल चालतात, शांतता क्षेत्रात ५०. परंतु मोजणीचे यंत्र आवाज किती मोठा आहे एवढेच सांगते. त्याच्याखाली काय काय झाकले गेले हे सांगत नाही. बासरी सुरू होण्यापूर्वी माझ्या ध्वनिनकाशावर सकाळी एकोणीस आवाज होते. सुरू झाल्यावर सात उरले. हॉर्न अर्थातच त्या सातांत होता! जे गेले ते सगळे बारीक, दूरचे आवाज. मर्यादेत बसणारा मधुर आवाजही दुसऱ्यांचे बोलणे बुडवू शकतो, हे नियमाच्या तक्त्यात कोठेच येत नाही.

त्या बागेत रोज येणाऱ्या एका आजोबांना मी माझे म्हणणे ऐकवले. ते म्हणाले, "सर, घरी मी एकटाच असतो. ही बासरी लागली की बरं वाटतं." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि आजही पुरते उत्तर नाही. तरीही माझे मत बदललेले नाही. संगीत हवे असणाऱ्यासाठी एका कोपऱ्यात, एका कट्ट्याशी ते वाजू द्यावे. सगळी बाग त्याने भरू नये. संगीत ऐकायला शहरात शंभर जागा आहेत, खारीची चिरचिर ऐकायला एवढी एकच आहे. कॅनडाचे संगीतकार मरे शेफर यांनी १९७७ मध्ये याच विषयावर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि शहराच्या एकूण आवाजाला 'साउंडस्केप' हा शब्द रूढ केला. आपल्या नगररचनेत या शब्दाचा प्रवेश अजून व्हायचा आहे.

शिक्षकबंधुभगिनींनो, तुमच्या अडचणी मला ठाऊक आहेत. तासिका पस्तीस मिनिटांची, वर्गात साठ मुले, अभ्यासक्रम मागे पडलेला. पण सहासहांचे दहा गट करा, प्रत्येक गटाला एक बाक द्या आणि एकच काम द्या. गोंगाट होईल ही भीती तर अगदीच अनाठायी. दहा मिनिटे ऐकण्याचे काम दिलेली साठ मुले जितकी गप्प असतात तितकी ती वर्गात कधीच नसतात. बाग नसेल तर शाळेच्या मैदानातला एखादा वड चालेल.

आणि तुम्हा मुलांना एकच सांगायचे आहे: बागेत शिरताना कानांतली ती बोंडे काढून खिशात ठेवा. माणूस जन्माला येताना प्रत्येक कानात सुमारे १५,००० श्रवणपेशी घेऊन येतो. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, हे १९८८ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे या बाबतीत झाडावरची साळुंकी तुमच्यापेक्षा सुखी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्यातून ४० तास चालतात आणि पुढे प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. मुलांसाठी सुरुवातच ७५ पासून करावी असे ते सांगतात. वयाबरोबर वरचे स्वर सर्वांचेच जातात. गोंगाटाने ते लवकर जातात.

गेल्या पावसाळ्यात हे मला नव्याने कळले. माझ्या अकरावीच्या सहा विद्यार्थ्यांना घेऊन मी संध्याकाळी बागेत बसलो होतो. दिवे लागले तशी एक मुलगी म्हणाली, "सर, कुंपणातला तो किडा किती बारीक ओरडतोय." बाकीच्या पाचही जणांनी माना डोलावल्या. मी कान दिला. रातकिडे ऐकू येत होते, रस्ता ऐकू येत होता. तिने सांगितलेले काहीच ऐकू येत नव्हते. मी कुंपणापाशी जाऊन वाकलो, तरी नाही. मोबाईलवर आलेख काढला तेव्हा १६,००० हर्ट्झच्या जवळ एक स्वच्छ रेघ उमटली. लांब मिशांच्या नाकतोड्यांपैकी कोणी तरी तेथे पंख घाशीत असावा. ती मुले तो ऐकत होती आणि मी रेघ पाहत होतो.

त्या मुलीने मला तो आवाज तोंडाने काढून दाखवण्याचा प्रयत्न केला. "असा नाही सर, याहून पुष्कळ वर," ती म्हणाली, आणि मग तिने वहीत त्याच्या ठेक्याची खूण करून दिली: तीन लहान, एक लांब, मग विश्रांती. ती वही माझ्या टेबलावर आहे.